यंदाचा चुना स्लॅबलाही



दिवाळी आठ दिवसांवर आली की बीदरच्या आमच्या घरी परसात रांजण निघायचा. चुनकळीवर पाणी पडलं की ती रटरटायची, वाफा यायच्या आणि आजी आम्हां पोरांना लांब पिटाळायची. दुसऱ्या दिवशी गाळलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ, थोडा डिंक, मग कुंचा.

घर जांभ्याचं. बीदर उभंच जांभ्याच्या पठारावर. किल्ल्याचा तटही त्याच दगडाचा. आमची भिंत दीड हात जाड, वर पांढऱ्या मातीचं माळवद. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर सगळी माणसं माळवदावर निजायला गेलेली असायची.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या अशाच दगडी भिंतींनी आणि माळवदांनी झोपेतली माणसं गाडली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही अंगांना दगडी घराची धास्ती बसली, आणि ती रास्तच होती. सिमेंट तर घरचंच. शहाबाद, वाडी, सेडम ही सगळी कलबुर्गी जिल्ह्यातली सिमेंटची गावं. स्लॅब आली. ज्यांना ती झेपली नाही त्यांच्या डोक्यावर पत्रा आला. जुनं माळवद परत आणा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण स्लॅब उघडी का ठेवायची?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी नेमका माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी भिंतींवरून ऊन निसटतं. सगळा मारा छतावर. आणि आपण रंगाचा पैसा घालतो दर्शनी भिंतीवर! करडी, काळवंडलेली स्लॅब बहुतेक ऊन पिऊन घेते आणि रात्रभर खाली ओकत राहते. ताजी सफेदी तेच ऊन बहुतांशी परतवते. शेजारच्या तेलंगणानं २०२३ साली थंड छतांचं धोरणच आखलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सरकारी कचेऱ्या सकाळी आठ ते दीड भरतात. पण दीडला सुटलेला माणूस जातो कुठे? त्याच तापलेल्या छताखाली. बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याखाली पाळी करणाऱ्याला तेवढीही सुटका नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्याकडेही रंगकाम चालू असेल. थोडी चुनकळी जास्तीची भिजवा. वर चार बोटं पाणी राखलं, झाकण घट्ट ठेवलं, तर चुना बिघडत नाही. आमचा रांजण होळीपर्यंत जिन्याखाली राहील. धुळवड झाली की कुंचा घेऊन वर जायचं ठरलं आहे.