म्हातारपणाचा गुणक

वणी परिसरातील खाणींचा कोळसा वाहणारी जड वाहने ज्या रस्त्यांवरून दिवसरात्र धावतात, त्यांच्याच कडेने मारेगाव तालुक्यातील माणसे शेताला, बाजाराला आणि दवाखान्याला पायी जातात. त्यांत म्हातारी माणसे अधिक, कारण तरुणांपाशी आता मोटारसायकली आहेत. अशा रस्त्यावर अडुसष्ट वर्षांच्या एखाद्या शेतमजूर बाईचा पाय वाहनाखाली सापडला, तर तिच्यापुढचा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. विमा कंपनी देऊ करते ती रक्कम आज पदरात पाडून घ्यावी, की दावा शेवटपर्यंत लढवावा, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर न्यायापेक्षा थांबण्याच्या ऐपतीवर ठरते, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम हिशेब पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निकालात भरपाईसाठी वयोमानानुसार 'गुणका'चा तक्ता निश्चित केला. २६ ते ३० वयासाठी गुणक १७, आणि पासष्टीनंतर ५. २०१७ च्या घटनापीठाने भावी उत्पन्नवाढीची जी भर मान्य केली, ती साठीनंतर मिळत नाही. उदाहरणादाखल मजुरी महिना ६,००० रुपये आणि काम करण्याच्या शक्तीत आलेली कायमची घट ४० टक्के धरू. अडुसष्ट वर्षांच्या बाईची गेलेली कमाई १,४४,००० रुपये भरते. तोच पाय, तोच रस्ता, तीच मजुरी, पण वय अठ्ठावीस असेल, तर चाळीस टक्के भावी वाढ धरून ६,८५,४४० रुपये होतात.

बेरीज-गुणाकारात चूक नाही. तरुणाची कमाईची वर्षे अधिक उरलेली असतात, हे कोणी नाकारणार नाही. आक्षेप आहे तो, माणसाचे मोल म्हणजे त्याची उरलेली मजुरी, या गृहीतावर. म्हातारी घरी नातवंडे सांभाळते, शेळ्या पाहते, चूल पेटवते, म्हणून सून कापूस वेचायला जाऊ शकते. म्हातारीचा पाय मोडला की सुनेचाही रोज बुडतो, आणि त्या बुडालेल्या रोजासाठी गुणकाच्या तक्त्यात रकाना नाही. १९८९ सालच्या जमशेदपूरच्या आगीतील मृतांच्या भरपाईचा निकाल २००१ मध्ये लागला. त्यात ६२ ते ७२ वयाच्या स्त्रियांच्या घरकामाचे धरलेले वर्षाचे १०,००० रुपये मूल्य सर्वोच्च न्यायालयाला अपुरे वाटले आणि त्याने ते २०,००० केले. ही सुधारणाच होती. तरीही महिन्याकाठी ते सतराशे रुपयांच्या आतच येते.

आता जोखमीकडे वळू. विमा कंपनीपाशी असे हजारो दावे असतात. काही ती हरते, काही जिंकते, आणि सरासरीवर तिचा धंदा सुखेनैव चालतो. बाईपाशी एकच दावा असतो. तिच्या जन्मात सरासरी निघायचीच नसते. शिवाय कंपनीचा पैसा दावा लांबला तरी कामाला लागलेला असतो. इकडे औषधपाण्याचे कर्ज आजच फेडायचे असते. 'बाईच रस्त्याच्या मध्ये आली', 'हाडे वयाने आधीच ठिसूळ होती' असे बचाव उभे राहतात. त्यांना उत्तर द्यायचे तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष हवी, अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे, यवतमाळच्या खेपा हव्यात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ही चांगली गोष्ट. पण सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कोण देणार? निकालावर अवलंबून फी ठरवू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. तरीही टक्केवारीची बोलणी कोठे आणि कशी होतात, हे आमच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. आणि एवढे करून निकाल तोकडा लागला, तर वादातली रक्कम एक लाखाच्या आत असल्यास अपीलही करता येत नाही. ज्याचा गुणकच पाच, त्याचा वाद पुष्कळदा लाखाच्या आतच बसतो!

पूर्वी याहून क्रूर गोष्ट होती. जखमी माणूस दावा चालू असताना अन्य कारणाने वारला, की त्याने सोसलेल्या वेदनेची भरपाई त्याच्याबरोबरच संपे. म्हणजे तारखा पडणे विमा कंपनीच्या पथ्यावर. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून हे बदलले, आणि मृत्यूचे कारण कोणतेही असो, हक्क वारसांकडे जातो. परंतु हा दिलासा रस्त्यापुरताच आहे. मळणी यंत्रात हात गेला किंवा फवारणीत विषबाधा झाली, तर १९२५ च्या वारसा कायद्याचे ३०६ वे कलम आजही आड येते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्यांतील दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांना २०२१ मध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दाद मागावी लागली. कंपनीने जबाबदारी नाकारली. सातासमुद्रापलीकडील संघटनांचा आधार नसता, तर मारेगाव-वणीच्या मजुराला ही वाट दिसलीही नसती.

रस्त्यावरील जखमींसाठी मात्र एक मार्ग आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी, चालकाचा दोष सिद्ध न करता, वाहनमालकाकडून किंवा विमा कंपनीकडून अडीच लाख रुपये मिळतात. वरच्या उदाहरणातील १,४४,००० शी ही रक्कम ताडून पाहावी. न्यायाधिकरण वेदना, औषधे आणि परिचारकाचा खर्च वेगळा धरते हे खरे. तरीही वृद्धाच्या बाबतीत पुष्कळदा निश्चित अडीच लाख अनिश्चित खटल्यापेक्षा बरे ठरतील. पाय कापावा लागला असेल, जन्मभर माणूस जवळ ठेवावा लागणार असेल, तर मात्र घाई करू नये, कारण ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. लोकअदालतीतील तडजोडही अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. अंगठा उठवण्यापूर्वी हे दोन्ही हिशेब त्या माणसाला मराठीत, आकड्यांनिशी समजावून सांगणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तो तालुका विधी सेवा समितीकडे मागावा. अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे. केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला, पण त्याच्यावर विसंबून बसू नये. वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळण्याची योजना आहे.

दोषाविना भरपाईचे तत्त्व आपल्या मोटार कायद्यात १९८२ साली आले, तेव्हा कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होते. १९९४ मध्ये ते २५,००० झाले आणि २०२२ पर्यंत तेथेच थांबले. त्या काळात धान्य, औषध, मजुरी, सारे वाढले. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातग्रस्ताला कोर्टात न पाठवता सार्वजनिक निधीतून उपचार आणि बुडालेल्या कमाईचा भाग देण्याची व्यवस्था चालवली आहे. तेथवर पोहोचायला आपल्याला अवकाश आहे. परंतु नोकरदारांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकाला जोडतात, त्यालाच कलम १६४ ची रक्कम जोडावी, पासष्टीपुढील गुणकाला घरकामाच्या मूल्याची जोड द्यावी आणि ३०६ व्या कलमातील अपवाद रद्द करावा, या तीन मागण्यांचे ठराव तालुका शाखांनी याच हंगामात करून पाठवावेत.