ते फुकटच आहे, केव्हाही जाऊ

लंडनला निघालेलं कुणीही मला "सिटी पास घेऊ का रे?" असं विचारतं, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं : नको घेऊ. मग समोरचा फोनवर कॅल्क्युलेटर उघडतो. तीन दिवस, दहा ठिकाणं, सुट्या तिकिटांची बेरीज अमुक, पास तमुक, म्हणजे जवळजवळ निम्मे पैसे वाचतात! बेरीज बरोबर असते. मीही ती केली होती. मी तर गुगल शीट केली होती. हा लेख त्या शीटबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : युरोपातल्या बहुतेक मोठ्या शहरांत असा पास मिळतो. एकदा पैसे भरायचे, क्यूआर कोड घ्यायचा आणि ठरलेल्या दिवसांत यादीतली हवी तितकी ठिकाणं बघायची. अनलिमिटेड थाळीच, फक्त ताटात किल्ले, चर्च, बोटी आणि बसगाड्या. माझ्या पासचं नाव सांगत नाही. भांडण एका कंपनीशी नाही, कल्पनेशी आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात मी प्रोजेक्टसाठी लीड्सला होतो. आईबाबा तीन आठवडे आले होते. बाबा परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता निवृत्त. दोघांचाही पहिला विमानप्रवास. परतीचं विमान हीथ्रोहून होतं, म्हणून शेवटचे तीन दिवस लंडनला ठेवले. तिघांचे पास मिळून साडेचारशे पौंडांच्या आसपास गेले. आईने विचारलं, "आपले किती झाले?" मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस हजार." ती काहीच बोलली नाही. त्या न बोलण्यामुळेच पुढचे तीन दिवस मी एखाद्या वसुली अधिकाऱ्यासारखा वागलो.

'वसूल' हा शब्द बघा. पिक्चर पैसा वसूल, थाळी पैसा वसूल, ट्रिप पैसा वसूल. कौतुकाचा शब्द म्हणून आपण तो वापरतो. पण वसुली सावकाराची असते, शेतसाऱ्याची असते. ज्याच्यावर कर्ज आहे त्याच्याकडून वसूल करतात. पास घेतला की कर्जदार कोण होतो? आपणच. आणि वसुलीला दारात उभा कोण? तेही आपणच. सुटं तिकीट काढून कंटाळा आला तर माणूस बाहेर पडतो, चहा पितो, विषय संपतो. पास असला की कंटाळ्यालाही पैसे पडतात. बाकावर बसलं तर बसलेल्या वेळेचं बिल डोक्यात चालू होतं.

आता शीट. माझ्यासारख्या इंजिनिअरला हा प्रश्न सेकंड इयरलाच शिकवलेला असतो : नॅपसॅक. पिशवीत ठरावीक वजनच मावतं, प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि मूल्य आहे, तर कोणत्या वस्तू उचलाव्यात? माझी पिशवी म्हणजे तीन दिवस. वजन म्हणजे लागणारे तास. मी कॉलम केले : ठिकाण, तिकीट, वेळ, पौंड प्रति तास. शेवटच्या कॉलमवर उतरत्या क्रमाने सॉर्ट. वर टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल्स, शार्डचा मजला, थेम्सवरची बोट.

बाबांनी महिनाभर आधी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे १९२१-२२मध्ये शिकत असताना बाबासाहेब राहिले. दुसरी, ब्रिटिश म्युझियमची वाचनाची खोली, जिथे ते दिवसचे दिवस पुस्तकांत बुडालेले असायचे. या दोन्ही गोष्टी शीटमध्ये होत्या. मी बेपर्वा मुलगा नाही. पण घराला तिकीट नाही आणि ब्रिटिश म्युझियमलाही नाही. शून्य भागिले दोन तास म्हणजे शून्य. सॉर्ट केल्यावर दोन्ही तळाशी गेल्या.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही किंग्ज क्रॉसला उतरलो. तिथून ब्रिटिश म्युझियम चालत वीसेक मिनिटांवर आहे. बाबांनी घरूनच नकाशा पाहून ठेवला होता. म्हणाले, "म्युझियम इथून जवळच दिसतंय." मी म्हणालो, "बाबा, ते फुकटच आहे, केव्हाही जाऊ. आधी टॉवर उरकू."

मराठीत 'केव्हाही'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

घाईचं कारणही पासच होता. त्याचे दिवस तासांवर मोजले जात नव्हते, तारखेवर मोजले जात होते. दुपारी अडीचला पहिलं स्कॅन केलं तरी तो अख्खा दिवस खर्ची. त्यात बहुतेक जागा संध्याकाळी लवकर मिटतात. म्हणजे 'तीन दिवस' म्हणून विकत घेतलेली गोष्ट प्रत्यक्षात अडीच दिवसही नव्हती.

टॉवर ऑफ लंडनमध्ये राजघराण्याचे दागिने ज्या खोलीत आहेत, तिथे मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे. तुम्ही त्यावर उभं राहायचं, तो तुम्हाला कोहिनूरच्या समोरून नेतो. थांबायची सोय नाही, कारण मागे रांग आहे. पलीकडे उतरल्यावर बाबा म्हणाले, "परत एकदा जाऊ या का? नीट बघायला मिळालं नाही." परत जाता येतं, पट्टा कुणी अडवत नाही. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "अजून व्हाइट टॉवर राहिलाय." गर्दीच्या खोलीत पट्टा लागतो, ते समजू शकतो. पण पास सगळ्या शहरालाच पट्टा लावतो, आणि तो चालवायला मोटर लागत नाही. आपली मध्यमवर्गीय छाती धडधडते तेवढी पुरते.

दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत आई बाकावर टेकली. वर बघत राहिली. एवढं उंच छत दगडाचं कसं काय, असं काहीतरी पुटपुटली. मी म्हणालो, "आई, चल, चारनंतर सेंट पॉल्समध्ये घेत नाहीत." ती उठली. पायऱ्या उतरताना म्हणाली, "आपण बघायला आलोय का हजेरी लावायला?" मास्तराची बायको आहे. हजेरी म्हणजे काय ते तिला नेमकं माहीत आहे.

इथे कुणी म्हणेल, घाई तू केलीस, पासवर खापर कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्या धंद्यातलं आहे.

मी एका शॉपिंग ॲपच्या टीममध्ये दीड वर्ष होतो. 'ऑफर संपायला ०२:१३:४५ उरलेत' असा लाल आकड्यांचा काउंटडाउन तिथे मी स्वतः लिहिलाय. तो कशासाठी असतो हे मला माहीत आहे. माणसाने 'मला हे हवंय का?' हा प्रश्न सोडून 'माझ्या हातून काय निसटतंय?' एवढंच विचारावं म्हणून. पासच्या ॲपमध्येही वर उरलेले दिवस दिसत होते आणि नकाशावर ठिपके होते ते फक्त पास चालणाऱ्या जागांचे. बाकीचं शहर करडं. किंग हेन्रीज रोडवर ठिपका नव्हता. डिझाइन कुणावर जबरदस्ती करत नाही, हे खरं. ते फक्त एक गोष्ट ठळक करतं आणि दुसरी पुसट. पुढचं काम आपण करतो, आणि मग दोषही आपलाच निघतो.

'निम्मे पैसे वाचतात' हेही तपासून बघा. कशाच्या निम्मे? ज्या दहा जागांच्या तिकिटांची बेरीज दाखवतात, त्यांतल्या सहा-सात ठिकाणी आपण स्वतःच्या पैशाने कधीच गेलो नसतो. शार्डवर जायची इच्छा आमच्या तिघांपैकी एकालाही नव्हती. न घेतलेल्या वस्तूवर मिळालेली सूट म्हणजे बचत नव्हे.

शिवाय अशा पासांत साधारणपणे प्रत्येक भेटीमागे कंपनी त्या जागेला ठरलेली रक्कम देते. म्हणजे तुम्ही जितकं कमी बघाल तितकं तिच्याकडे जास्त उरतं. गिफ्ट कार्डांच्या धंद्यात या न वापरलेल्या पैशाला 'ब्रेकेज' म्हणतात. जाहिरातीत शंभर जागा दाखवायच्या आणि तुम्हाला चारच जमतील यावर गणित बांधायचं. आपण ऊर फुटेस्तोवर धावतो ते शहर बघायला नाही, कंपनीशी लावलेली पैज जिंकायला.

पास म्हटला की हे असंच असणार, असं मात्र नाही. याच लंडनमध्ये, याच तीन दिवसांत, आमच्या खिशात दुसरी एक सोय होती आणि तिने एकदाही त्रास दिला नाही. ऑयस्टर कार्ड. मेट्रोत, बसमध्ये टॅप करायचं. जितका प्रवास तितके पैसे, आणि दिवसभराची बेरीज एका मर्यादेपर्यंत पोचली की पुढचा प्रवास फुकट. आधी काही ठरवायचं नाही, पैज लावायची नाही. कमी फिरलात तर कमी पैसे, जास्त फिरलात तर मर्यादेपुरते. हिशोब मशीन करतं, तोही नंतर. आई दोन स्टेशनं आधी उतरू म्हणाली तर आम्ही उतरलो. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. स्थळदर्शनाला असं कॅपिंग लावणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, एखादी बरी टीम ते करून देईल. पण मग ब्रेकेज कुठून येणार?

आता 'फुकट'बद्दल. मराठीत हा शब्द बरा नाही. फुकटचं, फुकट्या, फुकट ते पौष्टिक. जे फुकट ते हलकं, हे आपण लहानपणीच शिकतो. ब्रिटिश म्युझियम १७५९मध्ये लोकांसाठी उघडलं तेच मोफत. नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या कायमच्या संग्रहांना आजही तिकीट नाही. हे कुणाचं औदार्य नव्हे. ज्ञानाच्या दारात गल्ला नसावा, हा भांडून टिकवलेला सार्वजनिक निर्णय आहे. मधल्या काळात काही राष्ट्रीय संग्रहालयांनी तिकीट लावलं होतं, ते २००१च्या अखेरीस पुन्हा काढून टाकलं गेलं.

आणि त्याचा उपयोग कुणाला होतो? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलेल्या विद्यार्थ्याला. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज यांवर तो १९२०मध्ये परत आला. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. शंभर वर्षांनी मी त्याच शहरात प्रत्येक पौंडाला रुपयाने गुणत फिरत होतो, आणि ज्या खोलीने त्यांना पैसे न मागता बसू दिलं, ती मी यादीच्या तळाशी टाकली होती. कारण तिने पैसे मागितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी बोटीच्या रांगेत दीड तास गेला. मग शार्ड, कारण स्लॉट बुक होता. चॉक फार्म स्टेशनवर उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते. उन्हाळा, त्यामुळे लख्ख उजेड होता. शांत गल्ली, एकमेकांना चिकटलेली उंच घरं. १० नंबरवर बाबासाहेबांच्या नावाची निळी गोल पाटी. दार बंद. अर्थातच बंद, त्या वेळी कुठलं संग्रहालय उघडं असतं?

बाबांनी चपला कडेला काढल्या. पाटीकडे बघून हात जोडले. मग पाटीवरचं इंग्रजी हळूहळू, शाळेत वाचून दाखवावं तसं आईला वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. मी म्हणालो, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "अरे, बाहेरून तरी बघितलं. किती लोकांना एवढंही मिळतं?" ते चिडले असते तर बरं झालं असतं. सकाळी विमान होतं. ब्रिटिश म्युझियम राहिलंच.

शीटमध्ये बग कुठे होता, ते मला विमान गेल्यावर कळलं. फॉर्म्युला बरोबर होता, सॉर्टिंग बरोबर होतं. नॅपसॅकमध्ये मूल्य नावाचा कॉलम लागतो. मी त्यात किंमत भरली होती.

त्यामुळे तुम्ही जाणार असाल, लंडन, पॅरिस, रोम कुठेही, तर एवढं करा. बरोबरच्या प्रत्येकाला आधी विचारा, काय बघायचंय. ती यादी कागदावर लिहा, समोर किंमत न लिहिता. त्यातलं जे सगळ्यात जास्त हवंय ते पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला. मग उरलेल्या यादीची तिकिटं जोडा. तरीही पास स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या. महागड्या चार जागा ज्यांना मनापासून बघायच्या आहेत, त्यांचे पैसे वाचतातही. पण इच्छा आधी, हिशोब नंतर. हा क्रम उलटा करायला लावणाऱ्या कुठल्याही वस्तूला माझा विरोध आहे, ती पन्नास टक्के सुटीत मिळत असली तरी.

बाबांनी त्या दारासमोरचा फोटो व्हॉट्सॲपला ठेवला. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे ढीगभर जयभीम आले. एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, आत काय काय आहे?"

बाबांनी उत्तर दिलं, "मुलगा सांगेल."