चालत फिरता येईल असं अमेरिकन शहर, पण तिथं राहणं परवडतं कुणाला?

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्या आई-बाबांची एक तक्रार हमखास असते. घर मोठं, अंगण मोठं, पण दूध आणायचं तरी कुणीतरी गाडी काढायला हवी.

त्याच अमेरिकेत डिकेटर नावाचं एक छोटं शहर आहे. जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या मध्यापासून साधारण १० किलोमीटरवर. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम २५ हजार. मधोमध चौक, तिथं कोर्टाची जुनी इमारत, भोवती दुकानं आणि हॉटेलं, चौकाखाली मेट्रोचं स्टेशन. आजूबाजूला राहणारे लोक बाजारात चालत येतात.

हे इथंच कसं जमलं?

पहिलं कारण वयाचं. डिकेटर वसलं १८२३ मध्ये. शेजारच्या अटलांटाची सुरुवात त्यानंतर, १८३७ च्या सुमारास, रेल्वेचं शेवटचं ठाणं म्हणून झाली. मोटारगाडी यायच्या कितीतरी आधीचं गाव असल्यामुळे त्याचे रस्ते माणसाच्या पावलांच्या हिशोबाने पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिलेली बहुतेक अमेरिकन उपनगरं याच्या अगदी उलट आहेत. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे आणि मध्ये पार्किंगची मैदानं.

दुसरं कारण निर्णयांचं. मेट्रो आली तेव्हा स्टेशन गावाबाहेर न जाता थेट चौकाखाली आलं. खोदकामाने बाजारपेठेचे हाल झाले, पण १९७९ मध्ये स्टेशन सुरू झालं. १९८२ मध्ये शहराने मध्यवर्ती भागाचा आराखडा केला. जुनी ठेवण जपायची आणि चालणाऱ्याचा विचार आधी करायचा, हे त्याचं सूत्र. पुढे खाली दुकानं, वर घरं अशा इमारती आल्या.

मग अडचण कुठे आहे?

अशी ठिकाणं अमेरिकेत मोजकी आणि ती हवी असणारे खूप. त्यात डिकेटरच्या शाळा नावाजलेल्या. जागा मर्यादित, म्हणून घरांच्या किमती चढत गेल्या.

याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. चौकाजवळच बीकन नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. १९६० च्या दशकात 'शहर सुधारणे'च्या नावाखाली तिथली बरीच घरं आणि दुकानं पाडली गेली. नंतरचं काम महागाईने केलं. २००० मध्ये शहरात कृष्णवर्णीय सुमारे ३१ टक्के होते, २०१० मध्ये सुमारे २० टक्के उरले.

भर घातली ती नियमांनी. १९८० च्या दशकापासून शहराच्या मोठ्या भागात एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर बांधता येत होतं. म्हणजे चौकापासून दहा मिनिटांवर दोन-तीन बिऱ्हाडांची छोटी इमारत बांधणंही बेकायदा.

आता काय बदललं?

२०२० मध्ये शहराने नव्या गृहप्रकल्पांत १० टक्के घरं परवडणाऱ्या दरात ठेवणं बंधनकारक केलं. २०१७ मध्ये घेतलेल्या ७७ एकर जागेच्या एका भागात अशीच घरं बांधायचं ठरलं. आणि २०२३ मध्ये एका प्लॉटवर चार बिऱ्हाडांपर्यंत इमारत बांधायला परवानगी दिली. विरोधही झाला. झाडं जातील, पार्किंग पुरणार नाही, शाळांवर ताण येईल, हे आक्षेप होते.

पण परवानगी मिळाली म्हणून घर स्वस्त होत नाही. जमीन महाग ती महागच. शिवाय जॉर्जियात १९८४ च्या कायद्यानुसार शहरांना घरभाड्यावर मर्यादा घालता येत नाही. त्यामुळे डिकेटरच्या हातात मुख्यतः एकच उपाय उरतो. चौकाच्या जवळ जास्त घरं बांधू देणं, आणि त्यातली काही मुद्दाम स्वस्त ठेवणं.

आपल्याकडे पेठा, गावठाणं आणि स्टेशनबाहेरचे बाजार मुळातच चालण्याजोगे आहेत. पुनर्विकासाच्या गडबडीत फुटपाथ राहतो का आणि जुना भाडेकरू तिथंच राहतो का, हे दोन्ही प्रश्न म्हणून एकत्रच विचारावे लागतील. डिकेटरने पहिला सोडवला १९८० च्या दशकात. दुसऱ्याला हात घालायला त्याला आणखी तीन-चार दशकं लागली, आणि तोपर्यंत अनेकजण निघून गेले होते.