सहा मतांचा जमीनदार आणि एका पौंडाची पेटी : इंग्लंडच्या खेड्यातील पॅरिश कौन्सिल

२००९ साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वेस्टबरी-सब-मेंडिप या सुमारे ८०० वस्तीच्या गावावर दोन लहानशी संकटे एकदमच आली. गावात येणारे फिरते ग्रंथालय बंद झाले आणि लाल रंगाची सार्वजनिक टेलिफोनची पेटीही जाणार असे दिसू लागले. गावाच्या पॅरिश कौन्सिलने ती पेटी टेलिफोन कंपनीकडून १ पौंडाला विकत घेतली. ग्रामस्थांनी आत फळ्या बसवल्या आणि घरोघरची वाचून झालेली पुस्तके आणून मांडली. आपले एक पुस्तक ठेवावे, दुसरे न्यावे, एवढाच नियम.

ही बातमी जगभर कौतुकाने फिरली. तिच्यातील एका बाबीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. पेटी विकत घेतली कोणी? आठशे माणसे मिळून खरेदीखत करू शकत नाहीत. मालकी ठेवायला, करार करायला, कर बसवायला कायद्याने मानलेला एक धनी लागतो. इंग्लंडच्या खेड्याला असा धनी मिळाला तो १८९४ साली, आणि तोही सुखासुखी मिळाला नाही. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

तुमच्यापैकी बहुतेकांनी पॅरिश कौन्सिल हे नाव ऐकले असेल ते फेब्रुवारी २०२१ मधील त्या गाजलेल्या चित्रफितीमुळे. चेशरमधील हँडफोर्थच्या कौन्सिलची ऑनलाइन बैठक, जॅकी वीव्हर या अधिकारी बाईंवर ‘तुम्हांला येथे अधिकार नाही’ म्हणून ओरडणारे सभासद, आणि बाईंनी शांतपणे एकेकाला बैठकीबाहेर काढणे. सारे जग हसले. मीही हसलो. परंतु ‘येथे अधिकार कोणाचा?’ हा त्या भांडणातला प्रश्न इंग्लिश खेड्यात गेली चारपाचशे वर्षे विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर दीर्घकाळ एकच होते : ज्याची जमीन, त्याचा.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चची हद्द. चर्चमध्ये धर्मगुरूंचे झगे ठेवण्याच्या खोलीला वेस्ट्री म्हणत. गावकीची बैठक तिथे भरे, म्हणून बैठकीलाही तेच नाव पडले. ट्यूडर राजवटीने या बैठकीच्या गळ्यात हळूहळू सारा कारभार बांधला. १५५५ च्या कायद्याने रस्ते गावाकडे आले. प्रत्येक घराने वर्षातले ठरावीक दिवस फुकट राबून ते दुरुस्त करायचे. १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषण आले. त्यासाठी ‘ओव्हरसीअर’ नेमायचे आणि गावावर पट्टी बसवायची. कागदावर पाहिले तर हे ग्रामस्वराज्यच.

प्रत्यक्षात काय घडले? पट्टी भरणाऱ्यांना ती कमी हवी होती, आणि जिला ती लागायची ती माणसे बैठकीत नसत. १६६२ च्या वसाहत कायद्यानंतर प्रत्येक गरीब ‘कुठल्या गावाचा’ हे ठरवणे हा एक उद्योगच झाला. मूल ज्या पॅरिशमध्ये जन्मेल तिच्यावर त्याचा भार पडू शकत असे. म्हणून अविवाहित गरोदर स्त्रीला प्रसूतीपूर्वी शिवेपलीकडे पोचवण्याचे प्रकार घडले. स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप दयाळू सत्ता असे मानणाऱ्यांनी वेस्ट्रीची जुनी दप्तरे अवश्य वाचावीत.

आता १८१८ सालाकडे या. हे साल आपल्याला पाठ आहे : पेशवाई संपली. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने वेस्ट्रीसाठी एक कायदा केला. ज्याच्या मालमत्तेचे करमूल्य ५० पौंडांपेक्षा कमी, त्याला एक मत. त्यापुढे प्रत्येक २५ पौंडांना आणखी एक, असे कमाल सहा. म्हणजे हात वर करणारा एकच, पण मोजायचे सहा. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. त्यात त्याने दख्खनच्या गावगाड्याची वाखाणणी केली आहे : वरचे सरकार नाहीसे झाले तरी ही गावे आपापल्या माणसांना बहुतांशी सांभाळू शकतील, अशा आशयाची. आपल्या गावगाड्यात जातीची उतरंड होती आणि ती या कौतुकात झाकली गेली, हे खरेच. पण दुसरी विसंगतीही लक्षात घ्या. परक्या मुलखातील खेड्याचे स्वयंशासन साहेबाला दिसत होते, आणि त्याच सुमारास त्याच्या स्वतःच्या देशात जमीनदाराला सहा मते दिली जात होती.

ज्याला एकही मत नव्हते त्या शेतमजुराचे काय? डॉर्सेटमधील टॉलपडल या गावात मजुरी आठवड्याला ९ शिलिंगांवरून ७ वर आली आणि ६ वर उतरणार असे बोलले जाऊ लागले. मजुरांनी एकत्र येऊन संघ काढला. संघ काढणे तेव्हा बेकायदेशीर नव्हते, म्हणून त्यांना बेकायदा शपथ घेतल्याच्या आरोपाखाली पकडले. मार्च १८३४ मध्ये जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या पाच सोबत्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. देशभर गदारोळ झाल्यावर १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्याच १८३४ साली नव्या गरीब-कायद्याने गरिबांचे पोषण पॅरिशकडून काढून अनेक गावांच्या संयुक्त मंडळांकडे दिले. वेस्ट्रीचा मुख्य कारभार गेला. जमीनदार, धर्मगुरू आणि बडे शेतकरी या तिघांचा वचक मात्र जिथल्या तिथे राहिला.

त्यानंतरची पन्नास वर्षे भराभर ओलांडू. १८७२ मध्ये वॉरिकशरच्या जोसेफ आर्चने शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ उभारला. १८८४ मध्ये खेड्यातील मजूर कुटुंबप्रमुखाला पार्लमेंटचे मत मिळाले. १८८८ मध्ये परगण्यांना निवडून आलेली कौन्सिले मिळाली. राहिले होते ते खेडे.

१८९४ चा कायदा उदारमतवादी सरकारने आणला आणि हेन्री फाउलर यांनी तो सभागृहात लढवला. हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड सॉलिस्बरी यांनी या कल्पनेची पूर्वीच थट्टा केली होती : खेडुतांची करमणूकच करायची असेल, तर त्यांना सर्कस द्या. लॉर्ड्सच्या सभागृहाने विधेयकात इतके बदल केले की ग्लॅडस्टन संतापले. १ मार्च १८९४ रोजी कॉमन्समध्ये त्यांनी केलेले भाषण याच विषयावर होते, आणि ते त्या सभागृहातील त्यांचे अखेरचे भाषण ठरले. साम्राज्याचा पंतप्रधान शेवटचे बोलला तो खेड्याच्या कौन्सिलविषयी, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

कायद्याने दिले काय? ३०० किंवा अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडून आलेले कौन्सिल, आणि लहान गावांना निदान आपल्या ग्रामसभेसारखी ‘पॅरिश मीटिंग’. चर्चच्या कारभाराव्यतिरिक्त वेस्ट्रीचे सारे अधिकार इकडे आले. सर्वांना एकच मत. विवाहित असो वा अविवाहित, स्त्रियांना मतदानाचा आणि उभे राहण्याचा हक्क. परगणा आणि शहर कौन्सिलांत स्त्रियांना बसण्यासाठी १९०७ उजाडावे लागले, आणि पार्लमेंटच्या मतासाठी १९१८. खेड्याला मागासलेले म्हणणाऱ्यांना हे सांगायला मला फार आवडते.

या कायद्यातील तीन बारीक कलमांवर माझे मन जडले आहे. सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करायची नाही. कारण मजूर त्याआधी शेतावर असतो. गावात दुसरी जागा नसेल, तर शाळेची खोली सभेसाठी मोफत मिळालीच पाहिजे. कारण एरवी चर्चच्या किंवा जमीनदाराच्या ओसरीवर बसावे लागेल. आणि दुसरी योग्य जागा अगदीच नसेल तेव्हाच दारूच्या गुत्त्यात भरायचे. ज्याने ही कलमे लिहिली त्याला खेड्यात माणूस का गप्प बसतो हे नेमके ठाऊक होते.

तरी एक फट राहिलीच. सभासदांची निवड सभेत हात वर करून व्हायची. कोणी रीतसर मागणी केली तरच गुप्त मतदान. डिसेंबर १८९४ मधील त्या पहिल्या सभा डोळ्यांसमोर आणा. शाळेची खोली, कंदील, मुलांची बाके. समोर बसलेला शेतकरी तुमचा मालक आहे आणि तुम्ही राहता ते घरही त्याचेच. नोकरी गेली तर घरही जाते. अशा खोलीत हात वर करायचा. अनेक ठिकाणी जमीनदार आणि धर्मगुरूच निवडून आले, यात नवल ते काय? नवल हे की कित्येक गावांत मजूर, सुतार, लोहार आणि काही ठिकाणी स्त्रियाही निवडून आल्या. हात वर करण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुधारणांपर्यंत टिकली.

पैशाचा लगामही घट्ट होता. करमूल्याच्या पौंडामागे ३ पेनी, आणि ग्रामसभेच्या संमतीने फार तर ६. त्या काळी पौंडाच्या २४० पेनी होत. ‘पॅरिश कौन्सिल बाकडी मांडण्यापलीकडे करते काय?’ असे आज विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ती संस्था लहान राहिली, कारण तिला लहान ठेवण्यात आले.

एवढ्या पैशांत मजुराच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट साधली ती जमिनीची. भाजीपाल्याचे छोटे वाफे, ज्यांना तिकडे ॲलॉटमेंट म्हणतात, भाड्याने देण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला. १९०८ च्या कायद्याने ते कर्तव्यच झाले. गावातील सहा मतदारांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. स्वतःचे बटाटे आणि कोबी पिकवणारा मजूर मजुरीच्या प्रश्नावर चार दिवस अधिक तग धरू शकतो, हे जमीनदारांना कळत होते. वाफे मागणाऱ्यांना तेव्हा विरोध होई तो याचसाठी. हे कलम आजही जिवंत आहे.

पुढची भर तुकड्यातुकड्यांनी पडत गेली. १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या स्मारकांची देखभाल, १९५७ मध्ये बसथांबे, बाकडी, सार्वजनिक घड्याळे. १९६० मध्ये मात्र महत्त्वाचे घडले : कौन्सिलांच्या बैठकांना जनता आणि पत्रकार यांना बसू देण्याचा कायदा. तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता नवख्या खासदार मार्गारेट थॅचर यांनी, आणि त्यांचे पार्लमेंटमधील पहिले भाषण त्यावरच झाले. गावच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांचा हक्क पुढे याच कायद्यावर उभा राहिला.

आज इंग्लंडमध्ये सुमारे १०,००० पॅरिश आणि लहान शहरांची कौन्सिले आहेत. किमान पाच सभासद, बहुधा बिनपगारी, आणि दप्तर सांभाळणारा एक क्लार्क, अनेकदा अर्धवेळ. वार्षिक ग्रामसभा १ मार्च ते १ जून या काळात आणि अजूनही संध्याकाळी सहानंतरच घ्यावी लागते. उत्पन्न मुख्यतः ‘प्रीसेप्ट’चे : कौन्सिल आपली गरज कळवते, वरचे कौन्सिल ती रक्कम घरपट्टीसोबत वसूल करून देते. २०० घरांच्या गावाने १,००० पौंड मागितले, तर घरामागे ५ पौंड, असा हिशेब कोणालाही बोटांवर करता येतो. लोकशाहीत खर्च आणि मत इतके जवळ क्वचितच येतात. त्या पैशांतून दफनभूमी, खेळाचे मैदान, पायवाटा, दिवे यांतले जे जमेल ते सांभाळायचे. बांधकाम परवानगीवर कौन्सिलचे म्हणणे ऐकले जाते, निर्णय मात्र वर होतो. २०११ च्या कायद्याने गावाला स्वतःचा विकास आराखडा करून सार्वमताला टाकता येऊ लागला. कंब्रियातील अपर ईडन खोऱ्यातील १७ पॅरिशांनी मार्च २०१३ मध्ये असा पहिला आराखडा मंजूर करून घेतला.

आता माझा मतभेद. मोठ्या कौन्सिलांचे बजेट २०१० नंतर आटले तसतशी सार्वजनिक शौचालये, गवतकापणी, ग्रंथालये अशी कामे कित्येक ठिकाणी पॅरिशच्या गळ्यात घातली गेली. याला ‘गावाकडे सत्ता’ म्हणतात. मला ही १६०१ ची आठवण वाटते : कर्तव्य गावाचे, आणि ते पेलण्याची ऐपत गावागणिक वेगळी. लंडनजवळच्या सधन खेड्याला प्रीसेप्ट वाढवणे सोपे, बंद पडलेल्या खाणीशेजारच्या वस्तीला नाही. दुसरीकडे, असंख्य जागांवर आज निवडणूकच होत नाही. जितक्या जागा तितकेही उमेदवार नसतात, मग माणसे बिनविरोध येतात किंवा उरलेल्या जागी थेट नेमली जातात. तिथे बसणाऱ्या निवृत्त मास्तरांना मी नावे ठेवत नाही. ते नसते तर दिवे विझले असते. पण कामे वाढत जातात, पैसा जिथल्या तिथे आणि खुर्च्या रिकाम्या, अशा संस्थेवर आणखी ओझे टाकणारे सरकार तिचा गौरव करते आहे, असे मला म्हणवत नाही.

म्हणून वेस्टबरीच्या पेटीचे कौतुक करताना मी थोडा थांबतो. पेटी गावाच्या मालकीची झाली, हे १८९४ चे देणे, आणि ते मोलाचे आहे. परंतु फिरत्या ग्रंथालयात पुस्तक मागवता येत असे, आणि हवे ते शोधून देणारा माणूस गाडीत असे. टेलिफोनच्या पेटीत शेजाऱ्याने ठेवले तेच मिळते.