रेडॉन : औषधापूर्वी निदानपरिवर्जन

कामाच्या इमारतीत रेडॉन वायूचे प्रमाण जास्त असल्याचा अहवाल आल्यास चालकांकडून सहसा दोन प्रकारची वर्तणूक संभवते : अहवाल दडवणे किंवा घाबरून इमारत रिकामी करणे. दोन्ही अनुचितच. मात्र आपल्या व्यवसायात तिसरा मोहही संभवतो, तो म्हणजे किरणोत्सर्गावरील उतारा म्हणून काढे व रसायने देण्याचा. त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते.

भूगर्भातील युरेनियमच्या क्षयातून निर्माण होणारा हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. मोकळ्या हवेत तो विरून जातो. तळघरात व बंदिस्त तळमजल्यावर साचतो. त्याच्या क्षयातून उत्पन्न होणारे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दीर्घकालीन सरासरी प्रमाण दर घनमीटरला १०० बेकरेलने वाढल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

१९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिमरिक येथील बांधकामाधीन अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाची धोक्याची घंटा वाजू लागली. शोध घेता दोष केंद्रात नव्हे, त्यांच्या राहत्या घरातील रेडॉनमध्ये आढळला. घराची दुरुस्ती झाल्यावर कुटुंब पुन्हा तेथे राहावयास गेले. तात्पर्य, मोजमापाशिवाय कारण कळत नाही आणि कारण कळल्यावर उपाय असतो.

रेडॉनमुळे तात्काळ कोणतेही लक्षण उद्भवत नाही. म्हणून नाडी वा जिव्हा पाहून त्याचे निदान होणार नाही. येथे मापकच प्रमाण. धोका वर्षानुवर्षांच्या संपर्काने वाढत असल्याने क्रमाने पावले टाकण्यास अवधी असतो. अल्पकाळाच्या एका मोजणीवर विसंबू नये. शक्यतो तीन महिने मोजावे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली व ती शक्य नसल्यास ३०० ही कमाल मर्यादा सांगितली. प्रमाण अधिक असल्यास जमिनीच्या भेगा बुजवाव्यात, ताजी हवा आत खेळती ठेवावी आणि गरज भासल्यास फरशीखालील हवा नळीने ओढून छपरावर सोडावी. केवळ हवा बाहेर फेकणारा पंखा कधी कधी जमिनीतून अधिक वायू ओढून घेतो, हे ध्यानात ठेवावे. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावे आणि दोन्ही वेळचे आकडे कर्मचाऱ्यांना सांगावेत.

औषधनिर्मात्यांची कच्च्या मालाची कोठारे अनेकदा तळघरातच असतात आणि तेथे कामगार दिवसाचे आठ तास श्वास घेतात. त्यांची काळजी ही मालकाची जबाबदारी होय. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपण विद्यार्थिदशेपासून शिकलो आहोत. हेतू तसाच ठेवून रसायन देणे हे शास्त्रास धरून नाही. श्वासावाटे फुप्फुसांत गेलेले हे कण एखाद्या कल्पाने निघतात, असा दावा वैद्याने करू नये. धूम्रपान सोडवणे मात्र आपल्या हाती आहे; ते अवश्य करावे.