वाटेचा हक्क आणि डर्ट बाईक

मेढ्यातून महाबळेश्वरच्या घाटाकडे निघा नाहीतर बामणोलीच्या बाजूला वळा, डोंगर काही पाठ सोडत नाही. डांबरी रस्ता सोडून रानातल्या कच्च्या वाटेवर गाडी घालावी, असं विशीतल्या पोरांना वाटतंच. त्या हौसेत गैर काही नाही. पण गाडी कोणती आणि वाट कुणाची, हे आधी विचारायला हवं.

आधी गाडी. हिरोची एक्सपल्स शोरूममधून नंबर घेऊनच बाहेर पडते. कावासाकीच्या केएक्ससारख्या गाड्या मात्र फक्त ट्रॅकसाठी विकल्या जातात. त्यांना हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतो आणि नोंदणीही होत नाही. गॅरेजमध्ये लाइट बसवून नंबर मिळेल, हा गैरसमज आहे. रस्त्यावर चालणाऱ्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते आणि ती कंपनीने घ्यायची असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. लोकांना जाण्याचा हक्क असलेली पायवाटही कायद्याने सार्वजनिक ठिकाणच. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल, तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता वाट. एमएच-११ चा नंबर म्हणजे जंगलाचा परवाना नव्हे. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणंही गुन्हा ठरतो. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की टायरने एकदा उकरलं की फुलांची मुळंच उघडी पडतात.

दंडापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. वळणावर गुराखी किंवा सरपण घेऊन येणारी बाई आडवी आली, तर नुकसानभरपाई घर विकून द्यावी लागेल. आणि ती बाई? तिचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा.

नाव बघून गाडी अडवतात, अशी तक्रार आपल्या मुलांकडून ऐकू येते. तिच्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण कागद पुरे असतील, तर तो आवाज ठाम निघतो. खिशात आरसीच नसेल, तर खरा अन्यायही सिद्ध करता येत नाही.

वाटेच्या कडेला बसणाऱ्यांनी वाटेचा हक्क द्यावा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. कुणाला त्रास न देणं हा त्यातला एक हक्क. बसणाऱ्याला हे लागू असेल, तर गाडी उधळणाऱ्याला किती? संविधानाचं कलम ५१-अ हेच सांगतं: जंगल राखा, प्राणिमात्रांवर दया करा.

म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. जमीनमालकाच्या संमतीने बंदिस्त ट्रॅक उभा करता येतो. मेढा, सातारा, सांगलीच्या पोरांनी सगळ्या समाजांतल्या दोस्तांना घेऊन जिल्हा क्रीडा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आमदारांना भेटावं. चोरून रानात शिरण्यापेक्षा हक्काने जागा मागण्यात जास्त मर्दुमकी आहे. आणि तिथे बहिणींनाही हेल्मेट घालून उतरू द्या.