सुधारले किती, हे मोजणार कसे?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर महाराष्ट्र संतापला, तो संताप रास्तच होता. पण त्याच आदेशात व्यसनमुक्तीसाठी समुपदेशनाचीही अट होती. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अशा समुपदेशनाने माणूस बदलतो का, हे विचारायला हवे होते.

उत्तरासाठी बाहेरचे अनुभव पाहू. ब्रिटनमध्ये मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्यांसाठी पुनर्वसन वर्ग असतात. वर्ग पूर्ण केला की परवानाबंदीची मुदत पाव हिश्शापर्यंत कमी होते. वर्ग न केलेल्यांमध्ये पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. आकडा भुरळ घालणारा आहे. पण वर्गाला जायचे की नाही हे गुन्हेगारच ठरवतो. पदरचे पैसे भरून तीन दिवस बसायला तयार होणारा माणूस मुळातच सावरण्याच्या वाटेवर असू शकतो. अमेरिकेत १९९५ साली अशा कार्यक्रमांची २१५ मूल्यमापने एकत्र तपासली, तेव्हा गुन्ह्यांत आणि अपघातांत घट दिसली ती ७ ते ९ टक्के. नुसत्या व्याख्यानांपेक्षा समुपदेशन आणि नंतरची देखरेख यांची जोड अधिक उपयोगी ठरली. ही घट लहान वाटेल, पण तिच्यात माणसे वाचतात. म्हणून असे कार्यक्रम हवेतच, मात्र परवानाबंदीच्या जोडीने, तिच्या बदल्यात नव्हे.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने जप्त परवाना परत मिळवण्यासाठी उजळणी प्रशिक्षणही आणले. पण पिऊन गाडी हाकणाऱ्या माणसाला गाडी चालवता येते. त्याला दारू सुटत नाही. त्याच्या व्यसनाची तपासणी कोण करणार?

आणि अशा वर्गांचा परिणाम मोजायचा तर वर्ग अर्धवट सोडणाऱ्यांसह प्रत्येक दोषीचा हिशेब धरला पाहिजे, तोही काही वर्षे. परवान्यांची नोंद ‘सारथी’ प्रणालीत आहेच; न्यायालयांचे निकाल तिला जोडावेत. नाकाबंदीही वर्षभर हवी. ती ३१ डिसेंबरलाच कडक राहिली, तर उरलेल्या रात्री पिऊन गाडी हाकणारा कागदोपत्री सुधारलेलाच दिसेल.